कात्री, खळ आणि कर्तृत्व

बेळगावात आमच्या गल्लीत आकाशकंदील घरीच करण्याची रीत होती. कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि घोटीव कागद लावायचा. षटकोनी कंदिलाचे माप शेजारच्या काकांनी कोठून घेतले, त्यांना ते कोणी शिकवले, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नसे. कंदील सगळ्यांचा होता, म्हणजेच कोणा एकाचा नव्हता. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मात्र आमच्याच घरात एका कागदी वस्तूवरून वाद झाला आणि ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या ओसरीवर येऊन बसला.

वडिलांची जुनी ट्रंक आवरताना तळाशी एक चपटे पाकीट सापडले. आत जाड कागदाची चार पाने होती. त्यांवर एका विलायती पवनचक्कीचे सुटे भाग छापलेले होते : भिंती, पाती, शिडी, डोक्यावरची घुमटासारखी टोपी. सगळे कापायचे, दुमडायचे आणि चिकटवायचे. वडिलांनी ते कॅम्पातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणले असावे. कापायचा धीर मात्र त्यांना झालेला नव्हता. पाकिटावरचे प्रकाशकाचे नाव अर्धे फाटलेले. चित्रकाराचे नाव तर कोठेच नव्हते.

माझा भाचा संगणकावर आराखडे काढण्याचेच काम करतो. त्याने पाने उजेडात धरली आणि म्हणाला, “मामा, हे स्कॅन करून नव्यानं काढतो. जरा मोठं करू, शाळेतल्या पोरांना वाटू. दिवाळी अंकाच्या मधल्या पानावरही देता येईल.” त्याच वेळी चहाला आलेले आमचे वकील मित्र शांतपणे म्हणाले, “परवानगी कोणाची घेतलीत?” भाच्याने उत्तर दिले, “सत्तर-ऐंशी वर्षांचं जुनं आहे ओ काका. मालक राहिलाय कुठं?”

जुने म्हणजे बेवारशी, हा एक पक्ष. परक्याचे म्हणजे अस्पर्श, हा दुसरा. मला दोन्ही पटेनात. कारण त्या वादात कोणीही पवनचक्कीकडे नीट पाहिलेच नव्हते. आपली समीक्षा कादंबरी पाहते, नाटक पाहते, चित्रही पाहते. कापून जोडायचा कागद मात्र तिच्या लेखी मुलांचा खेळ. त्या कागदात कर्तृत्व नेमके कोठे असते हे कळल्याशिवाय त्याच्या हक्काचा निवाडा कसा होणार?

*

या कलेला चांगली दोनशे वर्षांची परंपरा आहे. फ्रान्समधल्या एपिनाल गावी पेलेरँ यांचा छापखाना १७९६ साली सुरू झाला. तेथल्या रंगीत चित्रपत्रकांत पुढे कापून उभारायची घरे आणि इमारती येऊ लागल्या. जर्मनीत एस्लिंगेनच्या श्रायबर यांची प्रकाशनसंस्था १८३१ सालची. तिने छापलेल्या किल्ल्यांवर आणि चर्चवर मुलांच्या पिढ्या वाढल्या. पोलंडमध्ये १९५७ पासून ‘मावी मोदेलाश’ नावाचे मासिक निघू लागले. त्याच्या अंकात लेख थोडे आणि कापायची विमाने, जहाजे जास्त. इंग्लंडमध्ये जेफ्री हेवे या माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘मायक्रोमॉडेल्स’ काढली. जेमतेम पोस्टकार्डाएवढ्या पानांवर रेल्वे इंजिने, जहाजे, लंडनमधल्या इमारती. तुमचा सगळा कारखाना सिगारच्या पेटीत मावेल, अशी त्याची जाहिरात असे. लाकूड, धातू, कागद सगळ्याचीच टंचाई असलेल्या दिवसांत हे बोलणे पोकळ नव्हते.

या परंपरेच्या पोटातच मालकीचा गोंधळ आहे. लंडनच्या हॉक्स्टन भागात बेंजामिन पोलॉकचे दुकान होते. पोलॉक १९३७ साली वारला. तो खेळण्यातल्या रंगभूमीची पाने विकत असे. पडदे, पात्रे, विंगा, सगळे कागदाचे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनसारख्या लेखकाने १८८४ साली या पानांवर मोठ्या मायेने निबंध लिहिला आहे. पण पोलॉकच्या पुष्कळ पत्र्या मूळ त्याच्या नव्हत्याच. त्या सासऱ्याकडून आल्या, आणि सासऱ्याने त्या आधीच्या एका प्रकाशकाच्या मागे मिळवलेल्या. पत्र्यावरचे जुने नाव जाई आणि नव्या दुकानदाराचे नाव येई. ज्याने पात्र रेखाटले त्याचे नाव बहुतेकदा आधीही नव्हते आणि नंतरही आले नाही. वस्तूची मालकी हातोहात फिरत राहिली. कर्तृत्व मात्र पहिल्याच पायरीवर गळून पडले. आमच्या पाकिटावरही प्रकाशकाचे अर्धे नाव शिल्लक होते, चित्रकाराचे अक्षरही नव्हते, हे लक्षात घ्यावे.

*

आता पवनचक्कीकडे वळू. कागद दुमडतो, वळतो, पण ताणला जात नाही. म्हणून चौकोनी खोके उलगडले की सहा चौकोन मिळतात, नळकांडे उलगडले की आयत मिळतो, शंकू उलगडला की पंख्यासारखा तुकडा मिळतो. यात कोणाचीही प्रतिभा नाही. भूमितीच तसे करायला लावते. बेळगावात काढा की बर्लिनमध्ये, शंकूचा उलगडा तोच.

गोलाचे तसे नाही. गोल पृष्ठभाग सुरकुती किंवा चीर न पडता सपाट होऊच शकत नाही, हे गाउसच्या १८२७ सालच्या सिद्धान्तावरून निघते. नकाशे काढणाऱ्यांची आणि शिंप्यांची अडचण हीच. घुमट कागदात करायचा तर त्याच्या पाकळ्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक पाकळी म्हणजे एक तडजोड. पाकळ्या किती? सांधे कोठे लपवायचे? टोकाशी सगळ्या जेथे भेटतात तेथे होणारा बुजबुजाट कसा झाकायचा? याची उत्तरे भूमिती देत नाही. ती माणसाला द्यावी लागतात. कागद जेथे ऐकत नाही, तेथेच कर्ता दिसू लागतो.

आमच्या पवनचक्कीच्या टोपीला सहा पाकळ्या होत्या. भाच्याने संगणकावर बारा केल्या. “सहाची टोपी कोनाकोनांची दिसते, मामा. बारा केल्या की घुमट खरा वाटतो,” असे त्याचे म्हणणे. पडद्यावर ते खरेही वाटले. मग शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलीला दोन्ही प्रती दिल्या. सहा पाकळ्यांची टोपी तिने अर्ध्या तासात उभी केली. बारांची टोपी शेंड्याशी आली आणि बारा टोके, त्यांच्यावरचा डिंक आणि तिची बोटे यांचा चिखल झाला. तेव्हा आम्ही मूळ पान पुन्हा पाहिले. त्या अनामिक चित्रकाराने शेंड्यासाठी एक छोटी गोल चकती दिली होती, सहा टोके झाकण्यापुरती. दोन सांधे टोपीच्या सावलीच्या बाजूला पाडले होते आणि तेथला रंग मुद्दाम गडद ठेवला होता. भिंतीवरच्या विटा सगळ्या काढलेल्याच नव्हत्या. कडेला चार, खिडकीखाली तीन, एवढ्यावर डोळ्याला भिंत विटांची वाटत होती. भाच्याच्या नव्या प्रतीत सगळ्या विटा ओळीने भरलेल्या होत्या, आणि भिंत फरशीसारखी दिसत होती.

म्हणजे सहा हा आकडा अज्ञानातून आलेला नव्हता. समोर मूल बसले आहे, त्याच्या हातात बोथट कात्री आहे, हे जाणणाऱ्याने तो निवडला होता. आम्ही ज्याला दोष समजून दुरुस्त करत होतो तेच त्याचे लेखन होते. मूळ मापाच्या दुप्पट केल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. पान दुप्पट होते, कागदाची जाडी होत नाही. लहान मापात ताठ उभी राहणारी पाती मोठ्या मापात लोंबू लागली. मापही त्याने विचार करूनच ठरवले होते.

*

एवढे पाहिल्यावर कायद्याकडे गेलो, आणि आश्चर्य म्हणजे कायद्याची वाटही फार वेगळी नव्हती. कल्पनेवर कोणाचा हक्क नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. सीमाभागातल्या वाचकाला त्या खटल्याची हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आनंद यांचे ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक प्रांतवादावर होते, आणि १९५६ सालचा ‘न्यू देहली’ हा चित्रपटही प्रांतवादावर. नाटककाराला वाटले, आपलेच उचलले. न्यायालय म्हणाले, विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून हे उल्लंघन नव्हे. तेव्हा पवनचक्की कागदात करावी ही कल्पना कोणाची मिरास नाही. शंकूचा उलगडाही नाही. पण त्या सहा पाकळ्या, ती चकती, त्या सावल्या आणि त्या सात विटा यांची एकत्र मांडणी ही कोणाची तरी आहे. ती तशीच गिरवून ‘मी नव्याने काढले’ म्हणता येणार नाही. सपाट चित्राचे त्रिमितीत रूपांतर करणे हेसुद्धा १९५७ च्या भारतीय कायद्यात प्रत काढण्यातच मोडते.

दुसरा प्रश्न मुदतीचा. आपल्याकडे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे साहित्य १९९१ अखेर मोकळे होणार अशी वेळ आली, तेव्हा ती वाढवण्यात आली. ब्रिटनमध्ये ती ७० वर्षे आहे. समजा, एखादा इंग्रज चित्रकार १९५९ साली वारला, तर त्याची पाने भारतात २०२० च्या आरंभी मोकळी झाली. ब्रिटनमध्ये मात्र २०२९ अखेरपर्यंत बांधलेली राहतील. बेळगावात निर्धास्त छापलेली प्रत लंडनच्या नातेवाइकांकडे विकायला पाठवली की तीच प्रत अपराधी ठरते! अनामिक कृतीला आपल्याकडे प्रकाशनापासून ६० वर्षे. याचा अर्थ नीट पाहावा. नाव असलेल्या चित्रकाराचा हक्क त्याचे हयातभर आणि वर ६० वर्षे. ज्याचे नाव छापलेच नाही त्याचे घड्याळ पान छापल्याच्या वर्षापासूनच चालू. नाव गाळणाऱ्या दुकानदाराने त्याचे श्रेय तर नेलेच, कायद्याने त्याची मुदतही आखडली.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण तो आपल्या कष्टांचा आहे. भाच्याने वीस रात्री खर्ची घातल्या. डाग काढले, रेषा सरळ केल्या, रंग जुळवले. मग या नव्या पानावर त्याचा हक्क का नसावा? १९८८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे लेगोच्या प्लॅस्टिक विटांचे प्रकरण आले होते. जुनेच आराखडे किरकोळ बदल करून पुन्हा काढले तर नवा हक्क मिळतो का, हा वाद. नकल कितीही कष्टाने आणि कौशल्याने केली तरी केवळ त्या कष्टांमुळे ती मूळ कृती होत नाही, असा निर्णय झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात नुसता घाम पुरेसा मानला नाही. स्वतःची विवेकबुद्धी आणि थोडीतरी सर्जकता दिसली पाहिजे, असे म्हटले. म्हणून मुदत संपलेली पाने स्वच्छ करून त्यांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असा शिक्का मारणाऱ्यांना मी ठामपणे दोष देतो. पुनर्मुद्रण हे पुण्यकर्म आहे, पण गावच्या विहिरीतला गाळ उपसल्याने विहीर आपल्या नावावर होत नाही. भाच्याने पवनचक्कीच्या आत जाते आणि जिना रचला असता, तर तेवढी भर त्याची, चक्की नव्हे.

यावर वकील मित्रांनी एक चांगला दृष्टान्त दिला. “तुम्ही सीमाभागातले लोक आहात. भाषांतर म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला हवं का?” खरेच आहे. भैरप्पांची ‘पर्व’ कन्नडात आहे आणि उमा कुलकर्णी यांच्या मराठीतही आहे. मराठी वाक्यांवर अनुवादिकेचे कर्तृत्व आहे, म्हणून मूळ लेखक पुसला जात नाही. आणि मूळ लेखकाची संमती हवी, म्हणून अनुवादिकेचे श्रम लहान होत नाहीत. मुखपृष्ठावर दोन्ही नावे सुखाने नांदतात. आपल्या घराघरांत दोन भाषा बोलल्या जातात. एकीतले दुसरीत आणताना काय हरवते, काय नव्याने घडते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या पानाचे नवे रेखाटन हा असाच व्यवहार असावा. भाषांतरकार मूळ वाक्य समजून घेतो; पुस्तक पुसट झाले म्हणून त्यातली वाक्ये ‘सुधारत’ नाही.

कायद्याने घरगुती वापराला मोकळीक ठेवली आहे, शिक्षकाला वर्गात शिकवण्यासाठीही. आणि कागदी मॉडेलला तर ती अत्यावश्यक आहे, कारण ही अशी कृती आहे की जी वाचताना नष्ट होते. कादंबरी वाचून पुन्हा कपाटात जाते; हे पान वाचायचे तर कात्री चालवावी लागते. न कापलेले पान म्हणजे न वाचलेले पुस्तक, आणि कापलेले पान म्हणजे पुन्हा कोणालाही वाचता न येणारे पुस्तक. म्हणून कापण्याआधी एक झेरॉक्स काढून ठेवणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. पण घरात एक प्रत काढणे वेगळे आणि अंकाच्या मधल्या पानावर शेकडो प्रती छापून विकणे वेगळे.

हक्काचा धनी सापडतच नसेल तर? २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा निनावी किंवा बेपत्ता कर्त्याच्या कृतीसाठी सक्तीचा परवाना मागण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, मग रीतसर अर्ज. एका पवनचक्कीसाठी, तीस मुलांच्या वर्गासाठी, हे कोण करणार? श्रीमंत प्रकाशक करील. गावची शाळा करणार नाही. ती एकतर गुपचूप छापील, नाहीतर पाने ट्रंकेत कुजू देईल. कायद्याचा हेतू यांपैकी एकही नसावा. येथे मात्र त्याची कात्री बोथट आहे असे म्हणणे भाग आहे.

एक गोष्ट मुदतीच्या हिशेबापलीकडची आहे. आपल्या कायद्याच्या ५७ व्या कलमात कर्त्याचे खास हक्क सांगितले आहेत : कृती आपली म्हणवून घेण्याचा आणि तिची विटंबना होत असेल तर हरकत घेण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उतरवून टाकले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. वस्तू सरकारच्या मालकीची होती, तरी कर्तृत्व शिल्पकाराचेच राहिले. आमच्या पवनचक्कीचा चित्रकार न्यायालयात जाणार नाही. तो कोण हेच ठाऊक नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत जबाबदारी कायद्याची कमी आणि आपली जास्त.

*

अखेर काय ठरले ते सांगतो. पवनचक्की या अंकात छापली नाही. पाकिटावर वर्ष नाही, आणि अदमासाने दुसऱ्याचे दान करणे बरे नव्हे. मूळ पाने कापली नाहीत. त्यांची एक प्रत काढून शेजारच्या मुलीने ती उभी केली. ती आमच्या कपाटावर आहे, सहा पाकळ्यांच्या टोपीसह. भाच्याची बारा पाकळ्यांची प्रत त्याने स्वतःच बाजूला ठेवली.

मग तो म्हणाला, “मामा, आपलंच काहीतरी काढू या.” शाळेच्या सहलीत आपण सगळेच एकदा तरी विजापूरला गेलेलो असतो. गोलघुमटाचा कर्ता आज कोणाकडे दाद मागायला येणार नाही, आणि वास्तू पाहून स्वतःचे रेखाटन करायला कोणाची आडकाठी नाही. चौकोनी इमारत सोपी. कोपऱ्यांचे सात मजली अष्टकोनी मनोरेही पट्टीसारखे उलगडतात. अडले ते घुमटाशी. किती पाकळ्या करायच्या? भाचा आठ दिवस त्यातच होता. आठ करून पाहिल्या, सोळा करून पाहिल्या. शेवटी त्याच्या लक्षात आले की गोलघुमटाच्या पायथ्याशी दगडातच कमळाच्या पाकळ्यांची रांग कोरलेली आहे. सांधे त्या पाकळ्यांच्या खाचांत सोडले तर ते दिसतच नाहीत. शेंड्यासाठी त्याने एक छोटी गोल चकती काढली.

ती चकती कोणाकडून शिकली, हे त्याला विचारावे लागले नाही. पानाच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचे नाव घातले आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली : शेंड्याच्या चकतीची युक्ती एका जुन्या पवनचक्कीवरून, चित्रकार अज्ञात. युक्तीवर कोणाचा हक्क नसतो, ती ओळ लिहिण्याची कायद्याने काही गरज नव्हती, असे वकील मित्र म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनीच विचारले, “पुढच्या पानाचा कागद कोठून आणणार आहात?”